नायट्रस सुरू झालं की फ्युएल प्रेशर पडतं: ४३ वरून २९ पीएसआय, आणि पंप निर्दोष

नायट्रस म्हणजे ताकद वाढवायला इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू. तो लावणाऱ्यांची तक्रार नेहमी एकाच चालीत येते. "गेजवर प्रेशर बरोबर आहे, पंप नवा टाकलाय, तरी बटण दाबलं की गाडी खट-खट-खट करते. पिकअप राहिला बाजूला, नुसते झटके." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: गेज कुठे बसवलंय आणि आकडा कधी वाचला? उत्तरही ठरलेलं असतं. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपवर), बॉनेट उघडून, गाडी उभी असताना.

उभ्या गाडीचं प्रेशर म्हणजे झोपलेल्या माणसाचा रक्तदाब. जिना चढताना तो किती होतो हे त्यावरून कळत नाही.

मी स्वतः यात पोळलोय, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी जुनी, दीड लिटरची पेट्रोल सेडान, रिटर्न लाइनवाली, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी असलेली. नाव सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळेल. इंजिन साधारण १०५ हॉर्सपॉवरचं, त्यावर ५० हॉर्सपॉवर वाढवणारा (५० चा 'शॉट') वेट किट. वेट म्हणजे नायट्रस आणि जादा पेट्रोल दोन्ही एकाच नोझलमधून आत जातं. दोघांना वेगळा सोलेनॉइड (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह), वेगळा जेट (मापाचं भोक). शिवाय फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच लावलेला: पेट्रोलचं प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की तो नायट्रसचा रिले बंद करतो.

खट-खट त्या स्विचचीच होती. सोलेनॉइड उघडला की प्रेशर पडायचं, स्विच तोडायचा. तोडल्याबरोबर प्रेशर परत चढायचं, स्विच जोडायचा. सेकंदाला चार-पाच वेळा. आणि मी त्या वेळी तेच केलं जे बहुतेक जण करतात. स्विचच खराब आहे म्हणालो, दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा लावला आणि एक रन मारला. गाडी काय सुटली म्हणता! तिसऱ्या गिअरला साडेपाच हजारांवर एकदा टर्रर्र आवाज आला, मग सायलेन्सरमधून निळा धूर.

प्लग काढले. दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मीठ भुरभुरल्यासारखे चमकते ठिपके होते. ते मीठ नव्हतं, पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. हेड उघडलं तर दोन रिंगांमधली कड तुटलेली. ज्या स्विचला मी बिघाड समजत होतो तो गाडीतला एकमेव शहाणा पार्ट होता.

प्रेशर पडल्याने एवढं काय होतं, ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे आकडे नुसते आकडे वाटतील. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३. तो जादा ऑक्सिजन जाळायला जादा पेट्रोल लागतं. ते किती जाईल हे वेट किटमध्ये कोणी कॉम्प्युटर ठरवत नाही. ठरवतात दोन भोकं आणि दोन प्रेशर. नायट्रसच्या मागे ९०० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड), पेट्रोलच्या मागे ४३. पेट्रोलचं प्रेशर पडलं तरी नायट्रसला त्याची खबर नसते, ते आपलं येतच राहतं.

प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ४३ चं २९ झालं तर पेट्रोल सुमारे १८ टक्क्यांनी घटतं. नुसतं नोझलचं नाही, चारही इंजेक्टरचंसुद्धा, कारण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्यांना पूर्वीइतकाच वेळ उघडतो. म्हणजे १२ च्या रेशोला (एका भाग पेट्रोलला १२ भाग हवा) लावलेलं मिश्रण साध्या हिशेबाने १४.६ ला जाऊन बसतं. हायवेवर ८० च्या स्पीडला १४.६ एकदम झकास. फुल थ्रॉटलला, नायट्रस आत येत असताना, तो गॅस कटर आहे.

आता मापायचं कसं. इंजिन दुरुस्त होऊन आल्यावर मी सगळ्यात आधी टी-जोड बनवून घेतला. शिरोली एमआयडीसीतल्या एका टर्नरने पितळेचा गट्टू घासून दिला. तो मी रेलवर न लावता नायट्रसच्या फ्युएल सोलेनॉइडच्या तोंडाशी लावला. रेलवर ४३ आणि सोलेनॉइडपाशी ३६ असं होऊ शकतं. मधला होज बारीक असेल, अडॅप्टरचं भोक लहान असेल, तर फरक तिथे दिसतो. ग्लिसरीन भरलेलं मेकॅनिकल गेज वायपरच्या खालच्या जाळीवर, काचेच्या बाहेर, आतून दिसेल असं बांधलं. पेट्रोलची लाइन केबिनमध्ये कधीही आणायची नाही. आत आकडा हवा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सरवालं गेज घ्या. डॅशबोर्डवर मोबाइल लावून व्हिडिओ काढला, कारण रन चालू असताना गेज बघणारा ड्रायव्हर रस्ता बघत नसतो. घरी येऊन व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवला. बटण दाबलं त्या क्षणी काटा ४३ वर. पुढच्या अर्ध्या सेकंदात ३४. गिअरच्या शेवटी २९.

त्याआधी एक घोळ निस्तरावा लागला. प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) एक व्हॅक्यूमची नळी येते. आयडलला व्हॅक्यूम असतो म्हणून गेज ३४-३५ दाखवतं. नळी काढून तोंड बंद केलं की ४३ दिसतात. फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळपास शून्य, त्यामुळे तेव्हा खरा आकडा ४३ चाच. बरेच जण आयडलचे ३५ बघून घाबरतात आणि रेग्युलेटरचा स्क्रू पिळून ४३ करतात. मग फुल थ्रॉटलला ५१-५२ होतात, गाडी काळा धूर ओकते, आणि नायट्रसच्या वेळी प्रेशर पडायचं ते पडतंच. बेस प्रेशर नेहमी नळी काढून लावायचं, मग नळी परत जोडायची.

स्क्रू पिळण्याबद्दल आणखी एक. ज्याला प्रवाह पुरत नाही त्याला प्रेशर वाढवून काही मिळत नाही. इलेक्ट्रिक पंप जितक्या जास्त प्रेशरविरुद्ध ढकलतो तितकं कमी पेट्रोल देतो. थकलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोतं ठेवण्यातला प्रकार.

गाडी उभी ठेवून करायची चाचणीही आहे आणि मी ती टाळत नाही. फक्त तिचा अर्थ नीट लावावा लागतो. नायट्रसची बाटली पूर्ण बंद, लाइनमधलं नायट्रस सोडून दिलेलं. नोझल इनटेकमधून काढून मापाच्या बरणीत धरायचं, जेट आतच ठेवून. इंजिन बंद, पंपाचा रिले जंपरने चालू, आणि फ्युएल सोलेनॉइड १५ सेकंद उघडायचा. उघड्या जागेत, अग्निशामक हाताशी ठेवून, आणि जंपर जोडणारा माणूस बरणीपासून लांब. बॅटरीच्या टर्मिनलची ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकत्र आले तर मापायला काही उरणार नाही. ५० च्या शॉटला, तासाला एका हॉर्सपॉवरमागे ०.६ पौंड पेट्रोल धरलं तर मिनिटाला सुमारे ३०० मिली लागतं, म्हणजे १५ सेकंदांत ७५ च्या आसपास. माझ्या बरणीत ७४ आले आणि गेज ४१ च्या खाली गेलं नाही.

इथे फसायला होतं. या चाचणीत इंजेक्टर बंद असतात. पंपावर फक्त नायट्रसच्या पेट्रोलचा भार, तासाला १८ लिटर. रनमध्ये इंजिनाचे स्वतःचे ३२ लिटर वेगळे. एकूण ५०. चाचणी पास झाली याचा अर्थ जेट, होज आणि सोलेनॉइड ठीक आहेत, एवढाच. पंपाच्या बाजूचा निकाल अजून लागायचा असतो.

मी तेव्हा निकाल लावूनच टाकला होता: पंप कमजोर, तासाला २५५ लिटरचा टाकू. ऑर्डर देण्याआधी सहज आमच्या जुन्या वायरमनकडे गेलो. अण्णांनी व्हिडिओ पाहिला, गेजकडे ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाले, "पंपाला व्होल्ट किती मिळत्यात?"

"बॅटरी नवीन आहे, अण्णा."

"बॅटरीचं कोण विचारतंय? पंपाचं विचारलं. तो तिकडं मागं टाकीत बसलाय, उपाशी."

मागची सीट उचलली, पंपाच्या कनेक्टरवर दोन सुया खुपसल्या, वायर पुढे आणून मल्टिमीटर सीटवर ठेवला. आयडलला १३.३. रस्त्यावर नाही, डायनोवर (गाडी रोलरवर पळवून ताकद मापायच्या यंत्रावर) नेऊन तिसऱ्या गिअरला पूर्ण रन मारला: नायट्रसशिवाय १२.४. नायट्रसचे सोलेनॉइड उघडले आणि आकडा १०.६.

कारण मीच होतो. किट लावताना नायट्रसच्या रिलेला करंट जवळच मिळतो म्हणून फ्युएल पंपाच्याच फीडवरून घेतला होता. दोन सोलेनॉइड मिळून वीसेक अँपिअर खेचतात. ज्या क्षणी पंपाला सगळ्यात जास्त काम असतं, त्याच क्षणी मी त्याच्या तोंडचा घास काढत होतो. पंपाची मोटर व्होल्टेजवर पळते, आणि तिच्या वेगातला बराचसा भाग नुसतं प्रेशर धरून ठेवण्यातच जातो. त्यामुळे व्होल्टेज वीस टक्के घटलं तर पेट्रोल त्याहून बरंच जास्त घटतं.

दुरुस्ती फार हुशारीची नाही. बॅटरीपासून थेट टाकीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज, मागे नवा रिले. पंपाची जुनी वायर आता फक्त त्या रिलेला चालू-बंद सांगते. सीटखाली रंग खरवडून पत्र्यावर नवीन अर्थिंग. ही पायरी लोक विसरतात. प्लसला जाड वायर आणि मायनसला तीच जुनी, गंजकी, केसासारखी वायर, मग फरक अर्धाच पडतो. नायट्रसचा फीड पूर्ण वेगळा काढला. पुढच्या रनला पंपावर १३.१.

प्रेशर मात्र ३७. बरं, पण बरोबर नाही.

मग अँपिअर मीटर लावला. पंप किती करंट खातो यावरून तो कुठे अडलाय ते कळतं. पुढे, म्हणजे फिल्टर किंवा लाइनमध्ये, अडथळा असेल तर त्याला जोर लावावा लागतो आणि करंट वाढतो. मागे, टाकीतल्या जाळीत, अडथळा असेल तर तो हवाबुडबुडे ओढत हलका फिरतो आणि करंट कमी होतो, आवाज मात्र चढतो. माझा करंट जास्त होता. फिल्टर काढून उलट्या बाजूने फुंकून बघितला, तर तोंडाने जेमतेम हवा जात होती. आडवा कापला. आत तांबूस गाळाचा थर, हाताला मेहंदीसारखा लागणारा.

याचं श्रेय मी ई-२० ला देतो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. वीस-बावीस वर्षं जुन्या टाकीत साठलेला गाळ इथेनॉल सोडवून पुढे पाठवतं. साध्या वापरात अर्धवट चोंदलेला फिल्टर जाणवतही नाही. तासाला ५० लिटर मागितले की जाणवतो. जुन्या गाडीत नायट्रस लावणार असाल तर फिल्टर आणि जाळी आधी बदला, मग बाकीचं डोकं लढवा. रबरी होजही बघा. कार्ब्युरेटरच्या जमान्याचा होज इंजेक्शनच्या प्रेशरला आणि इथेनॉलला, दोन्हींना पुरा पडत नाही.

ई-२० चा दुसरा फटका प्रेशर बरोबर असूनही बसतो. किटबरोबर येणारे जेटचे तक्ते बहुतेक अमेरिकी पेट्रोल धरून बनवलेले असतात. शुद्ध पेट्रोलला आदर्श रेशो १४.७, ई-२० ला १३.५ च्या आसपास. तेवढाच ऑक्सिजन जाळायला ई-२० आठ-नऊ टक्के जास्त लागतं. इंजिनाचा ईसीयू रोजच्या चालवण्यात हे सांभाळून घेतो, जेट कसा सांभाळणार? मी फ्युएलचा जेट एक नंबर मोठा टाकला आणि वाइडबँडवर (मिश्रण मापणाऱ्या सेन्सरवर) रेशोऐवजी लॅम्डा, म्हणजे आदर्श रेशोच्या किती पट, ते बघायला लागलो. ०.८० ते ०.८३ मध्ये असलं की मला झोप लागते.

फिल्टर बदलल्यावर गिअरच्या शेवटी ४१. स्विच ३७ वर ठेवलेला. तरीही दिवसाच्या पहिल्या रनला एकदाच 'खट' व्हायचं, नंतर नाही. यात चार दिवस गेले. सोलेनॉइडपर्यंतचा होज मी ऐटीत फायरवॉलवरून फिरवून आणला होता, चांगला हातभर. गाडी तापून उभी राहिली की त्यातल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पहिल्यांदा उघडलं की आधी वाफ निघायची, मग पेट्रोल, आणि तेवढ्या वेळात काटा खाली. सोलेनॉइड रेलजवळ आणला, होज वीतभर केला, एक्झॉस्टपासून लांब. खट गेलं. अशा वेळी स्विचच्या सर्किटमध्ये पाव सेकंदाचा टायमर घालायचा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. पाव सेकंद म्हणजे सहा हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये बारा स्फोट.

मोठा पंप टाकून सगळं सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी दोन शब्द. माझा मूळचा पंप आजही टाकीत आहे. २५५ लिटरचा पंप जुन्या गाडीच्या बारीक रिटर्न पाइपला पेलवत नाही. आयडलला परतीचं पेट्रोल पुरेसं निघून जात नाही आणि रेग्युलेटर उघडा पडूनही प्रेशर ५० च्या खाली येत नाही. तो पंप हवा तेव्हा जरूर टाका, पण रिटर्न लाइन आणि रेग्युलेटरसकट. आणि हो, पेट्रोल काढायचं ते रेग्युलेटरच्या आधी. एका गड्याने टी-जोड रिटर्न लाइनवर मारला होता, तिथे प्रेशर जवळपास शून्य. तो तीन आठवडे पंपांना शिव्या देत होता.

अलीकडच्या गाड्या रिटर्नलेस असतात. रेग्युलेटर टाकीतच, पुढे एकच पाइप. तिथे पिळायला स्क्रू नाही, व्हॅक्यूमची नळी नाही, आणि काहींचं बेस प्रेशर ४ बार म्हणजे ५८ पीएसआय असतं. तक्ता ४३ चा असेल तर तोच जेट १५-१६ टक्के जास्त पेट्रोल देईल. भोकाचा व्यास सुमारे सात टक्के कमी हवा: २८ चा जेट असेल तर २६. मोठ्या शॉटला रिटर्नलेस गाडीत मी रेलला हातच लावणार नाही. छोटी स्वतंत्र टाकी, स्वतःचा पंप, स्वतःचा रेग्युलेटर, आणि प्रेशर लावायचं ते पेट्रोल वाहत असताना. खर्च आहे, पण दोन्ही हिशेब वेगळे राहतात.

एवढं करूनही मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) येत असेल आणि पेट्रोलचं गेज निर्दोष असेल, तर बाटली बघा. तक्ते ९०० ते ९५० पीएसआय धरतात, म्हणजे बाटली साधारण ३० अंशांवर. २० अंशांना ७३०-७४० असतं. ३६.४ अंशांच्या वर बाटलीत द्रव असा उरतच नाही आणि प्रेशर झपाट्याने वर जातं. एप्रिलमध्ये दुपारी डिकीत काय तापमान असतं ते सांगायला नको. नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच, आणि शिक्षा पुन्हा पिस्टनला. परदेशी व्हिडिओंत बाटली गरम करायचे हीटर दाखवतात. आपल्याकडे बाटलीवर ओला टॉवेल लागतो. सिलिंडर पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची सरकारी संस्था) मान्यता असलेलाच घ्या. त्यांचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे, तेव्हा उन्हात सिलिंडरचं काय होतं हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आणि हे सगळं डायनोवर किंवा धावपट्टीवरच्या ड्रॅग स्पर्धेत. रस्त्यावर बेकायदा आहे आणि मूर्खपणाही.

अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर "प्रेशर पडतंय" एवढंच सांगू नका. व्हॅक्यूम नळी काढून बेस किती, नायट्रस चालू असताना गिअरच्या शेवटी सोलेनॉइडपाशी किती, त्याच क्षणी पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट किती, फिल्टर कधी बदलला, बाटलीचं प्रेशर किती, जेट कोणते. आणि सेफ्टी स्विच जागेवर आहे की त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा आहे, ते खरं सांगा.